आठच्या वर

१.९

सुभेदार गुरुवारी सकाळी साडेनऊला मेला. तो बरा झाला होता हे शुक्रवारी दुपारी बाराला कळलं.

उस्मानपुऱ्यातल्या घरी आप्पासाहेब जेवायला बसले होते. पुढं ताट, ताटाशेजारी मोबाईल. डाव्या हाताला सुभेदार शेपटी गुंडाळून बसायचा, ती जागा रिकामी. मोबाईल वाजला. बाहेरच्या एका लॅबचा मेसेज होता. रुग्णाचं नाव सुभेदार. प्राणी मांजर. लिंग नर. रक्तातलं लॅक्टेट एक पूर्णांक नऊ. आणि खाली यंत्रानं आपोआप चिकटवलेली ओळ: आपल्या लाडक्या मित्राला निरोगी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा.

आप्पासाहेबांना लॅक्टेट म्हणजे काय ते चार दिवसांत पाठ झालं होतं. शरीराला पुरतं रक्त पोचेनासं झालं की आतून जीव गुदमरतो आणि हे लॅक्टेट साचत जातं. अडीचच्या आत असलं की बरं. आठच्या वर गेलं की मांजर वाचत नाही. असं डॉ. विश्वजीत म्हणाले होते, आणि गुरुवारी सकाळी त्यांनी यंत्राचा पडदाच आप्पासाहेबांपुढं धरला होता. चौदा पूर्णांक आठ. आप्पासाहेबांनी कागदावर सही केली, डॉक्टरांनी सुई दिली, बोका गेला.

त्याच बोक्याचं, त्याच सकाळचं रक्त. एक पूर्णांक नऊ.

आप्पासाहेब ताटावरून उठले. दोन गल्ल्या ओलांडून दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर मोबाईल ठेवला.

"यातलं खोटं कोण? हा का तुम्ही?"

डॉक्टरांनी मेसेज वाचला. पुन्हा वाचला. मग पलीकडं पिंजरा धूत असलेल्या शालूकडं बोट केलं.

"रक्त हिनं काढलं. सिरिंज हिनं माझ्या हातात दिली. कुठल्या मांजराचं भरलं होतं ते हिलाच ठाऊक."

शालूच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "नाय साहेब. मी सिरिंज दिलीच नाय."

"पाच वाजता या, आप्पासाहेब. लेखी देतो, हिच्या नावानिशी. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांच्या ग्रुपवरही टाकतो. जनावराला हात लावायचा हिचा हा शेवटचा दिवस."

शालूला जनावर सोडून दुसरं काही येत नव्हतं. तिचा बाप मुंजाबा, त्याचा बाप, त्याचाही बाप, सगळे मेंढरांमागं चालत आलेले. चालणं सोडून एका जागी काम मिळालेली घरातली ती पहिली. ते काम तिला मिळवून दिलं होतं मोतीरामनं. तिनं मागच्या दारी जाऊन त्याला फोन लावला.

"काका, या. माझ्यावर बोका मारल्याचा आळ आलाय."

१४.८

मोतीरामनं चौतीस वर्षं जनावरांच्या सरकारी प्रयोगशाळेत रक्त पाहिलं होतं. गाईचं, म्हशीचं, शेळ्यामेंढ्यांचं, एकदा बिबट्याचंही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शर्टाच्या वरच्या खिशात हिरव्या टोपीची काचनळी असायचीच. आता तिच्यात लवंगा असत. "आकडा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्याचं वाक्य ऐकून त्याची बायको भामाबाई एवढी वैतागली होती की तिच्या शेवटच्या आजारात तिनं त्याला ताप सांगायचंच सोडलं होतं.

तो आधी दवाखान्यात गेला नाही. आप्पासाहेबांकडं गेला.

"कोणी पाठवलं तुम्हाला? डॉक्टरनं का त्या पोरीनं?"

"पोरीनं. तिला मी तिथं लावलंय. तिनं चूक केली असंल तर पाचला मीच तिचं नाव घेतो."

आप्पासाहेबांनी त्याला खुर्ची दिली नाही. पण ओसरीतून हाकललंही नाही.

"गुरुवारी काय झालं ते सांगा. बारीकसारीक सांगा."

"काय सांगायचं? लघवी तुंबली म्हणून सोमवारी नेला. नळी घालून मोकळी केली. तेव्हा आकडा नऊ पूर्णांक दोन. डॉक्टर म्हणाला, कठीण आहे. मंगळवारी सहा. बुधवारी म्हणाला, आज तपासलं नाही. गुरुवारी मी पावणेनऊला गेलो. डॉक्टर आतून सिरिंज घेऊन आला. माझ्यासमोर पट्टीवर थेंब सोडला. चौदा आठ. मला म्हणाला, बघा, तुम्हीच बघा."

"मग?"

"मग दुसऱ्या यंत्रावर थेंब सोडला. त्याच्यावर आकडा नाही आला, इंग्रजी अक्षरं आली. त्यानं ते पटकन बंद केलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, काही नाही, सवय."

मोतीराम खिशातली लवंग काढत होता. त्याचा हात थांबला.

"आणि बोका? सुईच्या आधी पाहिला का तुम्ही?"

"पाहिला." आप्पासाहेब भिंतीकडं पाहत म्हणाले. "माझ्या बोटाला डोकं घासलं त्यानं. मी म्हणालो, डॉक्टर, हा तर ओळखतोय. डॉक्टर म्हणाला, विझायच्या आधी दिवा मोठा होतो."

मोतीरामनं नळीची टोपी परत लावली.

"मला पाचला नाव पाहिजे, मोतीराम. कोणाचं का असंना. पण खरं पाहिजे."

९.२

डॉ. विश्वजीतनं मोतीरामला उठून खुर्ची दिली. चहा मागवला. हा माणूस नीटनेटका होता: नखं कापलेली, पेनं रंगाप्रमाणं लावलेली, फायलींवर क्रमांक. खिडकीतून एप्रिलचं ऊन थेट टेबलावर पडत होतं. कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फ्लेक्स उभा होता.

"काका, तुम्ही आलात ते बरं झालं. तुम्हाला आकड्यांची भाषा कळते. शालू वाईट नाही, पण तिला वाटतं जनावर हाताला कळतं. हाताला काही कळत नाही. दोन वर्षं मी प्रत्येक आजारी मांजराचं लॅक्टेट मोजतोय. आठच्या वर गेलेली एकोणीस. वाचली किती? एकही नाही. रविवारी पुण्याच्या परिषदेत हेच मांडणार आहे. एक रेषा. रेषेच्या वर गेलं की मालकाला खोटी आशा दाखवायची नाही."

"सुभेदार एकोणिसातला?"

"शेवटचा. सोमवारीच नऊ पूर्णांक दोन होतं."

"पण मंगळवारी सहा झालं."

"आणि गुरुवारी चौदा. कधी कधी उतरतं, मग चढतं."

"शालूनं चुकीचं रक्त दिलं म्हणता. मग ते चौदा सुभेदारचं नव्हतंच ना?"

डॉक्टर हसले. "तिनं आवळून धरला असेल, त्या झटापटीतही चढतं. दुसऱ्या मांजराचं दिलं असेल. चूक कशी झाली ते मला काय माहीत? हात तिचा होता एवढं खरं." चहा आला. डॉक्टरांनी कप त्याच्यापुढं सरकवला. "तुम्हाला मी काय सांगू? टिकलीच्या वेळी पाहिलंय ना तुम्ही. भामाकाकूंची मांजर. तिला रिक्षाचा त्रास नको म्हणून रक्त घरीच काढलंत तुम्ही, आणि मी वेरूळच्या शिबिरातून परत येईपर्यंत सकाळपासून इथं बाकावर बसून राहिलात. मे महिन्यात. असा मालक मी दुसरा पाहिला नाही."

भामाबाई गेल्यावर अकरा महिने टिकली मोतीरामच्या पायथ्याशी झोपली होती. मग तिनं खाणं सोडलं. आठ पूर्णांक तीन. त्या आकड्यानं त्याला आधार दिला होता. माणसानं सांगितलं असतं तर त्यानं वाद घातला असता.

तो चहा प्यायला. गोड होता.

०

सत्यमला, म्हणजे दवाखान्यातल्या धाकट्या डॉक्टरला, त्यानं औषधांच्या खोलीत गाठलं. शालू दारात उभी होती. काय बोलणं झालं ते जसंच्या तसं:

"बाहेरच्या लॅबला रक्त कोणी पाठवलं?"

"मी. गुरुवारी साडेआठला काढलं. शालूनं धरलं होतं. करड्या टोपीच्या नळीत घातलं आणि पावणेनऊच्या आत लॅबच्या माणसाला दिलं."

"डॉक्टरांना विचारून?"

"नाही काका. बुधवारी तो जेवला होता. म्हटलं, पक्का आकडा घेऊ आणि घरी सोडू. रिपोर्ट मालकाच्या मोबाईलवर थेट जातो हे माझ्या लक्षात नव्हतं."

"शालू, धरलं तेव्हा झटापट झाली?"

"झटापट कशाची? डोळ्यावर फडकं टाकलं की मांजर गप असतं. सुई काढल्यावर चावला मात्र मला." तिनं अंगठा दाखवला. चार ठिपके, काळेनिळे. "लई जोरात चावला. मला तर बरंच वाटलं. मरणारं जनावर चावत नाय काका, ते माफ करतं."

"हे पुस्तकात कुठंय?"

"आमच्यात पुस्तक कुठंय?"

"त्यानंतर कोणी रक्त काढलं?"

"माझ्यासमोर तरी नाय."

"गुरुवारी सकाळी इथं आणखी मांजरं किती?"

सत्यमनं नोंदवही पाहिली. "दोन. एक नसबंदीची, एक लशीची. दोन्ही ठणठणीत. उड्या मारत होती."

"आणि बुधवारी? डॉक्टर म्हणतात तपासलं नाही."

सत्यम आणि शालूनं एकमेकांकडं पाहिलं.

"बुधवारी सकाळी सरांनी स्वतः रक्त काढलं. हिरव्या टोपीत. आकडा फॉर्मवर नाही लिहिला. मला वाटलं, राहिला असेल. मग दुपारनंतर मला फ्लेक्स आणायला पैठण गेटला पाठवलं. सुभेदारला संध्याकाळी शालूनंच भरवलं."

मोतीराम मनाशी मोजत होता. झटापटीनं आकडा चढला म्हणावं, तर त्याच पकडीतलं करड्या नळीतलं रक्त एक पूर्णांक नऊ. दुसऱ्या मांजराचं म्हणावं, तर दुसरी दोन्ही निरोगी. गुरुवारी सकाळी या इमारतीत चौदा पूर्णांक आठ लॅक्टेट असलेली मांजरं किती?

शून्य.

मग ते रक्त आलं कुठून?

लो

यंत्रं खोटं बोलत नाहीत. ती विसरतही नाहीत, एवढंच डॉ. विश्वजीतच्या लक्षात राहिलं नव्हतं.

लॅक्टेटचं यंत्र तळहाताएवढं. मोतीरामनं त्याचं बटण दाबून जुने आकडे मागं मागं नेले.

गुरुवार, ८.५२: १४.८.
बुधवार, १०.१०: २.४.
मंगळवार: ६.१.
सोमवार: ९.२.

सत्यमनं वाकून पाहिलं. "बुधवारी दोन पूर्णांक चार? म्हणजे बुधवारीच बरा होता?"

"दुसरं यंत्र दे. साखरेचं."

या दवाखान्याची एक रीत होती, आणि ती खुद्द डॉक्टरांनी घातलेली. लॅक्टेट मोजलं की त्याच रक्ताचा दुसरा थेंब साखरेच्या यंत्रावर. कधीच एक नाही, कायम दोन. फॉर्मवर दोन्हींचे रकाने होते. दोन वर्षं, शेकडो मांजरं, एक थेंब इकडं, एक थेंब तिकडं. हाताला सवय लागली की हात डोक्याला विचारत नाही.

गुरुवार, ८.५३. आकड्याच्या जागी इंग्रजीतली दोन अक्षरं. लो.

"म्हणजे वीसच्याही खाली," सत्यम म्हणाला. "मोजता येत नाही इतकी कमी. पण काका, एवढी साखर उतरलेलं मांजर आचके देत पडलेलं असतं."

"आणि हे मांजर साडेआठला शालूला चावलं. साडेनऊला मालकाच्या बोटाला डोकं घासलं. मग ही साखर कोणी खाल्ली?"

"कोणी?"

मोतीरामचा आवाज एकदम प्रयोगशाळेतला झाला. नव्या पोरांना शिकवताना व्हायचा तसा.

"रक्तानं. जनावराच्या बाहेर काढलं तरी रक्त लगेच मरत नाय, बाळा. नळीत जिवंत असतं. जिवंत आहे म्हणजे खातं. साखर खातं आणि लॅक्टेट टाकतं. करड्या टोपीत औषध असतं, ते त्याचं तोंड बांधतं. हिरव्या टोपीतलं औषध नुसतं गोठू देत नाय. खाणं चालूच. उन्हात ठेवलं तर अधाशासारखं खातं. एक दिवस ठेव: साखर खल्लास, लॅक्टेट आभाळाला. म्हणजे गुरुवारी पट्टीवर पडलं ते बुधवारच्या नळीतून सिरिंजमध्ये ओढलेलं रक्त. एक दिवस शिळं."

शालूला सगळं कळलं नाही. एवढं कळलं: "म्हणजे बोका आत दूध पीत होता अन् डॉक्टर बाहेर त्याचं शिळं रक्त दाखवत होते?"

"व्हय."

"पण कामून?"

मोतीरामनं दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवली. शिळी नळी चुकून हाती आली, शालूनंच ती भरून दिली, असं डॉक्टर पाचला म्हणतील. आणि आप्पासाहेब कोणाचं ऐकतील? घड्याळात सव्वाचार झाले होते. त्याचा हात खिशातल्या नळीवर गेला. लवंग काढायची होती. का कोण जाणे, त्यानं ती काढली नाही.

१९

डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. मोतीराम त्यांच्या खोलीत गेला आणि कोपऱ्यातला फ्लेक्स फरशीवर उलगडला.

मजकूर मोठा, स्वच्छ:

आजारी मांजरांतील रक्त-लॅक्टेट
आठच्या वर: १९
मृत: १९
वाचलेली: ०

खाली आलेख. काळे ठिपके, वरच्या अंगाला तांबडी रेषा. मोतीरामनं एक एक ठिपका बोटानं मोजला. एकोणीस.

मग तो गुडघ्यावर बसून फ्लेक्सच्या तळाच्या कडेवर सरकला. या शहरात वाढदिवसाचा फ्लेक्स असो की श्रद्धांजलीचा, छापणारा तळाला आपला मोबाईल नंबर टाकल्याशिवाय राहत नाही. हा छापणारा नंबराशेजारी तारीख आणि वेळही टाकत होता. मुंगीएवढी अक्षरं. मोतीरामनं चष्मा कपाळावर चढवला आणि नाक फ्लेक्सला टेकवलं.

बुधवार. दुपारी ३.४०.

बुधवारी तीन चाळीसला आठच्या वरची किती मेली होती? अठरा. एकोणिसावा त्या वेळी पिंजऱ्यात पाय चाटत होता, आणि संध्याकाळी शालूच्या हातून खाणार होता.

बुधवारी दहा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांना कळलं की नऊ पूर्णांक दोनवाला बोका वाचला. एक बोका वाचला की रेषा गेली. "एकही नाही" गेलं. रविवारचं भाषण गेलं. दुपारी त्यांनी आकडा छापून घेतला.

आधी मोजला. मग मारला.

८.३

"उठा काका, गुडघे दुखतील," मागून आवाज आला.

डॉ. विश्वजीत हात पुसत दारात उभे होते. त्यांनी फ्लेक्सकडं पाहिलं, मोतीरामच्या कपाळावरच्या चष्म्याकडं पाहिलं, दार लावलं आणि खुर्चीत बसले.

"साखरेचं यंत्रही पाहिलंत?"

"पाहिलं."

"ती सवय. दुसरा थेंब सोडला आणि मला स्वतःलाच शिवी द्यावीशी वाटली." ते खरोखर हसले. "एक बोका हो. उस्मानपुऱ्याच्या कचरापेटीजवळ वीस मिळतील. रेषा मिळायला दोन वर्षं लागली."

"रेषा खोटी आहे."

"एकोणीस मेली."

"मेली किती आणि तुम्ही सुई दिली किती?"

"आपोआप मेली तीन."

"म्हणजे सोळांना तुम्ही मारलं, कारण रेषा म्हणाली मरणार. आणि रेषा खरी, कारण सोळा मेली."

"शाबास. परिषदेत कोणी एवढं विचारणार नाही." डॉक्टरांनी कपाटातून एक फाईल काढली. घाई नव्हती. "पाचला तुम्ही आप्पासाहेबांना काय सांगणार? की हिरव्या टोपीतलं रक्त उबेत ठेवलं की लॅक्टेट चढतं, साखर उतरते?"

"तेच."

"सांगा. फक्त सांगायच्या आधी हे वाचा."

फॉर्म क्रमांक चौदा. मोतीरामनं तो कधी पाहिला नव्हता. नाव: टिकली. मादी, वय नऊ. नमुना: मालकानं आणलेला, हिरवी टोपी. काढल्याची वेळ सकाळी नऊ. तपासल्याची वेळ दुपारी साडेचार. लॅक्टेट: ८.३. साखर: २६. निकाल: मृत. कारण: लॅक्टेट आठच्या वर.

साखर सव्वीस.

टिकलीनं त्या संध्याकाळी, सुईच्या पाच मिनिटं आधी, टेबलावरून खाली उडी मारली होती. मोतीरामनंच तिला उचलून परत ठेवलं होतं. तिचे पुढचे पाय त्यानं स्वतः धरले होते.

"मे महिना," डॉक्टर हळूच म्हणाले. "साडेसात तास. शर्टाच्या खिशात, छातीच्या उबेला. त्या दिवशी साखर बघताच मला कळलं होतं, काका. नमुना बाद करायला हवा होता. पण आठ पूर्णांक तीन माझ्या रेषेच्या वर होतं, आणि तुम्ही म्हणालात, आकडा खोटं बोलत नाही. मी म्हटलं, एवढा जाणता माणूस म्हणतोय."

मोतीरामनं कागद पुन्हा वरून खाली वाचला.

"काय झालं होतं तिला?"

"कोणास ठाऊक. दात असतील. म्हाताऱ्या मांजराचे दात दुखले की खात नाही." डॉक्टरांनी फ्लेक्स गुंडाळायला घेतला. "म्हणून म्हणतो. शालूला दुसरीकडं कुठंतरी लावू आपण. पैठणला माझा मित्र आहे. तिचं नाव ग्रुपवर टाकत नाही. तुम्ही शिळ्या रक्ताचं बोलू नका, मी चौदा नंबरचं बोलत नाही. भामाकाकूंची मांजर आजारानंच गेली. राहू द्या ना तसंच."

बाहेर आप्पासाहेबांच्या चपलांचा आवाज आला. पाच वाजले होते.

मोतीराम दाराशी गेला. कडीवर हात ठेवून थांबला. किती वेळ, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. मग त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, "आप्पासाहेब, या. शालू, सत्यम, तुम्हीपण या. सगळ्यांनी ऐकायचंय."

त्यानं क्रमानं सांगितलं. बुधवारची हिरवी नळी, टेबलावरचं ऊन, दोन पूर्णांक चार, चौदा पूर्णांक आठ, लो, फ्लेक्सची तारीख. बोटानं दाखवत गेला. मग फॉर्म चौदा टेबलावर ठेवला आणि तोही सांगितला, तसाच, आवाज न बदलता, जणू दुसऱ्या कोणाच्या खिशाची गोष्ट आहे.

आप्पासाहेब डॉक्टरांना काही म्हणाले नाहीत. ते शालूकडं वळले.

"सुई देताना धरलं कोणी होतं?"

"मी, मालक."

"काय करत होता तो?"

शालूनं अंगठा मुठीत धरला.

"पोरी, विचारतोय."

"घुरघुरत होता. त्याला वाटलं, मी खाजवतेय."

आप्पासाहेबांनी मान हलवली, जशी बाजारात एखादा भाव ऐकून हलवावी. मग डॉक्टरांच्या हातातला फ्लेक्स घेतला, नीट गुंडाळला, काखेत मारला.

"रविवारी पुण्याला मी येतो. हे मी धरून उभा राहतो. तुम्ही बोला."

"आप्पासाहेब, ऐकून तरी..."

"तिथंच ऐकतो." दारातून ते एकदाच वळले, मोतीरामकडं. "मी सही केली. तू टिकलीला धरलंस. आपल्यात याच्याएवढी अक्कल असती तर बरं झालं असतं." त्यांनी बोट शालूच्या अंगठ्याकडं केलं आणि गेले.

सत्यम डॉक्टरांकडं न पाहता बाहेर पडला. शालू मागं राहिली. तिचं काम वाचलं होतं. तिच्या तोंडावर तसं काही दिसत नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "टिकलीपण मला चावली होती. त्या दिवशी. मी तुम्हाला दाखवलं होतं."

"काय म्हणालो मी?"

"तुम्हाला म्हाईत आहे. कायम म्हणता तेच."

मोतीरामला माहीत होतं.

त्यानं खिशातून नळी काढली, हिरवी टोपी उघडली, लवंगा टेबलावर ओतल्या. मग डॉक्टरांच्या रंगाप्रमाणं लावलेल्या पेनांतलं तांबडं उचललं. फॉर्म क्रमांक चौदा, शेवटचा रकाना. 'लॅक्टेट आठच्या वर' यावर त्यानं रेघ मारली, एकच, पट्टीनं मारावी तशी सरळ. शेजारी प्रयोगशाळेतल्या त्याच्या सुबक अक्षरात खरं कारण लिहिलं आणि खाली सही केली.

खिसा.